नुसत्या प्रकाशाने सूक्ष्म यंत्राचा भाग हलवता येतो का?

येतो, तोही तार न जोडता. मात्र प्रकाशाच्या दाबावर विसंबू नका. १ मिलीवॉट लेझरच्या दाबाचं बल आरशावरही जेमतेम ७ पिकोन्यूटन भरतं (पिकोन्यूटन म्हणजे न्यूटनचा एक लाख कोटीवा भाग). खरं काम उष्णता करते. सिलिकॉनच्या पातळ पट्टीवर सोन्याचा थर चढवतात. लेझर पडला की दोन्ही तापतात, पण सोनं सिलिकॉनच्या पाचपटीहून जास्त प्रसरण पावतं, म्हणून पट्टी सिलिकॉनच्या बाजूला वाकते. इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमधली पट्टी वाकते तशी. एवढ्याशा वस्तूतली उष्णता झटकन निघून जाते, त्यामुळे प्रकाश चालू-बंद करून ती सेकंदाला हजारो वेळा हलवता येते. अणुबल सूक्ष्मदर्शकात (AFM; यात अशाच पट्टीच्या टोकाची सूक्ष्म सुई नमुन्याचा पृष्ठभाग चाचपते), विशेषतः नमुना द्रवात असताना, ही पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते: पिझो स्फटिकाने (वीज दिली की किंचित आकार बदलणाऱ्या स्फटिकाने) हलवलं तर आजूबाजूचा द्रव आणि पट्टीचा धारकही थरथरतात, लेझरने फक्त पट्टी.