घरगुती मसाल्यांची वेबसाइट, चार माणसांचा धंदा : दिव्यांगांसाठी सुलभ करणं कायद्यानं लागतं का?

हो, लागतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मधलं कलम 46 सरकारी आणि खाजगी अशा दोन्ही सेवा देणाऱ्यांना सुलभतेचे नियम लावतं. ‘धंदा छोटा आहे’ म्हणून त्यात सूट नाही. वेबसाइटसाठी आयएस 17802 हे भारतीय मानक आहे. पहिल्या उल्लंघनाला 10 हजारांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येकाला 50 हजार ते 5 लाख. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा संविधानाच्या कलम 21 खालचा (जगण्याचा) हक्क मानला, त्यामुळे आता चालढकल नको.

पण दंडापेक्षा आधी एक करून बघा. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक (स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचून दाखवणारी सोय) चालू करा, डोळे मिटा आणि स्वतःच्याच दुकानातून पावशेर गोडा मसाला मागवा. मी एका ओळखीच्यांच्या साइटवर हे केलं. फोटोला वर्णन नव्हतं, म्हणून ‘आयएमजी चार शून्य दोन एक’ असं फाइलचं नावच ऐकू आलं; कार्टचं बटण नुसतंच ‘बटण’. मसाला कोणता, कळायला मार्गच नाही! दृष्टिहीन गिऱ्हाईक इथूनच परत जातं, आणि मला ते फार लागलं.

फोटोंना वर्णन, बटणांना नावं, फॉर्मच्या रकान्यांना लेबल, अक्षर-पार्श्वभूमीत ठळक फरक, आणि माउसशिवाय पैसे भरेपर्यंत जाता येणं, एवढ्यापासून सुरुवात करा. एका ओळीच्या कोडनं साइट ‘कायदेशीर’ करून देणारी विजेट घेऊ नका. मूळ दोष तसेच राहतात.

युरोपात माल विकत असाल तर 28 जून 2025 पासून तिथलाही कायदा लागू आहे. मात्र 10 पेक्षा कमी माणसं आणि 20 लाख युरोपर्यंत उलाढाल असलेल्या सेवा-व्यवसायांना त्यात सूट आहे.