भूत आणि हलता कॅमेरा

प्रश्न : भुताटकीच्या चित्रपटांत ‘सापडलेल्या चित्रफिती’ची (फाउंड फुटेज) शैली, म्हणजे पात्रांनीच चित्रित केलेली फीत नंतर कुणाला तरी सापडली अशी मांडणी, खरंच परिणाम साधते का? हलत्या कॅमेऱ्याने मला नुसतं गरगरतं.

उत्तर : साधते, पण कॅमेरा स्थिर असतो तेव्हा जास्त. ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ (२००७) आठवा. जेमतेम १५ हजार डॉलरमध्ये, दिग्दर्शक ओरेन पेली यांच्या स्वतःच्या घरात चित्रित झालेला. ट्रायपॉडवरचा कॅमेरा, झोपलेलं जोडपं, उघडं दार, पडद्याच्या कोपऱ्यात पळणारे वेळेचे आकडे. काहीच घडत नव्हतं तेव्हाही माझी नजर त्या दारावरून हटली नाही. झपाटलेल्या घराच्या गोष्टीला हे ताटकळणंच हवं असतं. पळापळ सुरू झाली की माझी भीती ओसरते. जीव वाचवायचा सोडून हा माणूस चित्रण का करतोय, असं वाटत राहतं. आणि पार्श्वसंगीत तर मुळीच नको!