पहिल्याच वर्षी नवी पद्धत शोधू नकोस

क्लिनिकल ट्रायलच्या संख्याशास्त्रात पीएचडी सुरू केलीस हे वाचून बरं वाटलं. पण लगेच नवं सूत्र मांडायच्या मागे लागू नकोस. आधी दोन-तीन खऱ्या चाचण्यांचे प्रोटोकॉल आणि विश्लेषणाचे आराखडे मुळातून वाच. रुग्णाने मध्येच औषध सोडलं किंवा दुसरं सुरू केलं, तर त्याची मोजमापं कशी धरायची? हा प्रश्न तिथे पानोपानी भेटतो. २०१९ मध्ये आयसीएच ई९ या चाचण्यांच्या संख्याशास्त्रावरच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेच्या पुरवणीने 'एस्टिमँड'ची चौकट आणली ती याचसाठी: नेमकं काय मोजायचं ते आधी ठरवा, मॉडेल नंतर. मी उलट केलं आणि जवळजवळ वर्षभराचं काम बाजूला ठेवावं लागलं.

सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर बनावट आकड्यांनी चाचणी पुन्हा पुन्हा चालवून बघणं, तर करावंच लागेल. सरावाला हे घे: औषधाचा काहीच परिणाम नाही असं धरून आकडे तयार कर, समान टप्प्यांवर पाच वेळा तपास आणि दरवेळी ५ टक्के सार्थकता पातळीच लाव. खोटं यश सुमारे १४ टक्के वेळा हाती येईल. मग अनेकदा तपासूनही खोट्या यशाचं एकूण प्रमाण ५ टक्क्यांतच ठेवणाऱ्या पोकॉक (१९७७) आणि ओब्रायन-फ्लेमिंग (१९७९) यांच्या मर्यादा लावून बघ. आवर्तनं मात्र १,००० वर थांबवू नकोस. ५ टक्क्यांच्या आसपास तेव्हा प्रमाण त्रुटी (अंदाजातली अनिश्चितता) ०.७ टक्के असते, १०,००० केली की ०.२. आणि सीड, म्हणजे यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारी संख्या, लिहून ठेव. मार्गदर्शक विचारतात तेव्हा नेमका तो सीडच आठवत नाही.

डॉक्टरांसोबत बसायची संधी मिळाली तर सोडू नकोस, अर्धे चांगले प्रश्न तिथेच सापडतात.