पाच फुटी टँकमध्ये एका ऑस्करसोबत कोणते मासे ठेवता येतील?

पाच-सहा सिल्व्हर डॉलर आणि एक मोठा प्लेको (तळाशी राहणारा कॅटफिश) ठेवा. ऑस्कर फूटभर वाढतो आणि तोंडात मावेल ते गिळतो. गप्पी, टेट्रा म्हणजे त्याचा नाश्ताच. सिल्व्हर डॉलर उंच, चपटे आणि चपळ, त्यामुळे सहसा त्याच्या तावडीत सापडत नाहीत (टँकमधली झाडं मात्र तेच फस्त करतील). प्लेकोला अंगावरचं कठीण कवच वाचवतं. दोन्ही चार इंचांपेक्षा लहान आणू नका. सोडताना दिवा बंद करा आणि दगड-लाकडं हलवून मांडणी बदला, म्हणजे ऑस्करची ठरलेली हद्द मोडते. हे सगळं ऑस्करपुरतं. ऑस्करऐवजी फ्लॉवरहॉर्न (फार भांडखोर मासा) असेल तर त्याला एकटाच ठेवा.