नोकरी सोडताय आणि ईसॉप आहेत? आधी स्कीमची कॉपी हातात घ्या

"अंबडची कंपनी सोडतोय, दोन हजार ऑप्शन वेस्ट झालेत, एचआर म्हणतंय आधी निघा, ते नंतर बघू", हे तुमचं वाचलं आणि पोटात गोळाच आला. हेच वाक्य ऐकून मी निर्धास्त राहिलो आणि माझे तीन हजार ऑप्शन गेले.

तुम्हाला माहीत असेल, बाकीच्यांसाठी थोडक्यात: ईसॉप म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या भावात घ्यायचा कर्मचाऱ्याला दिलेला हक्क, म्हणजेच ऑप्शन. तो देणं म्हणजे ग्रँट, ठरलेला काळ नोकरी झाल्यावर तो पक्का होणं म्हणजे वेस्टिंग, पैसे भरून शेअर घेणं म्हणजे एक्सरसाइज, आणि या सगळ्याचे नियम ज्यात असतात ती कंपनीची स्कीम. माझ्या लेटरमध्ये फक्त "नोकरी सोडल्यास स्कीमप्रमाणे" एवढंच होतं, स्कीमची पीडीएफ ऑफिसच्या मेलवर, आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी सातला मेल आयडी बंद. मग नाशिक ऑफिसवाले म्हणायचे पुण्याच्या ऑफिसला विचारा, पुण्याचे म्हणायचे तुमच्या लोकल एचआरकडून येऊ द्या, असे दोन महिने गेले, आणि सगळं फोनवर, लेखी एक ओळ नाही, ही माझी घोडचूक. नोकरी सोडल्यावर एक्सरसाइज करायची मुदत ९० दिवसांची हे माहीत होतं, पण मी ते रिलीव्हिंग लेटरच्या तारखेपासून मोजले. ते लेटर आलं १२ दिवस उशिरा, आणि स्कीममध्ये होतं शेवटच्या कामाच्या दिवसापासून. माझ्या हिशोबाने ८५व्या दिवशी सातपूरच्या पोस्टातून एक्सरसाइजचा फॉर्म पाठवला, त्यांच्या हिशोबाने तो ९७वा होता. एका ओळीचा मेल आला, ऑप्शन लॅप्स झाले, म्हणजे हक्कच संपला. भांडायला जागाच नव्हती, कारण कायद्याने ही मुदत कंपनीच्या स्कीमवर सोडलीय.

म्हणून राजीनाम्याची तारीख पक्की व्हायच्या आधी एचआरला मेल करा, सीसीत स्वतःचा पर्सनल आयडी टाका, आणि ग्रँट लेटर, स्कीम, वेस्टिंग स्टेटमेंट आणि "एक्सरसाइजची शेवटची तारीख कोणती" याचं लेखी उत्तर मागा. "नंतर बघू" हे उत्तर नाही.

आता पैशांचं. मी सीए नाही, सीएला विचाराच. पण अनलिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नसलेल्या, कंपनीत शेअर विकले नाहीत तरी एक्सरसाइजलाच टॅक्स लागतो, पगारात धरून. समजा १० रुपयांचा ऑप्शन, आणि मर्चंट बँकरने (शेअरची किंमत काढून देणारी नोंदणीकृत संस्था) एका शेअरची किंमत काढली २६०, तर २५० च्या फरकाने दोन हजारांवर ५ लाख उत्पन्न धरतात, ३० टक्क्यांच्या स्लॅबला सेस धरून १ लाख ५६ हजार टॅक्स, वर एक्सरसाइजचे २० हजार, सगळं खिशातून, आणि शेअर घ्यायला गिऱ्हाईक कोणी नाही. लिस्टिंग (कंपनी शेअर बाजारात येणं) किंवा बायबॅक (कंपनीने शेअर परत विकत घेणं) नजरेत नसेल तर माझं स्पष्ट मत, यासाठी कर्ज काढू नका. स्कीम परवानगी देत असेल तर थोडेच घ्या. काही पात्र स्टार्टअपमध्ये हा टॅक्स पुढे ढकलता येतो, पण नोकरी सोडली की ती सवलत संपते, हे कोणी सांगत नाही.

आणि हो, अनलिस्टेड शेअर आले की आयटीआर-१, म्हणजे पगारदारांचा साधा रिटर्न फॉर्म, चालत नाही, रिटर्न भरताना लक्षात ठेवा. घरी बायकोलाही हे कागद कुठे आहेत ते दाखवून ठेवा, आपल्याला काही झालं तर वेस्ट झालेले ऑप्शन स्कीमप्रमाणे वारसांना मिळतात, पण त्यांना माहीत असायला हवं ना.

तुमच्या लेटरमधली राजीनाम्याबद्दलची ओळ नाव-आकडे झाकून इथे टाका, आज रात्रीच बघतो.