जुगलबंदी की संयुक्त अल्बम?

प्रश्न असा: अँबियंट इलेक्ट्रॉनिक (ताल-चालीपेक्षा आवाजांचं वातावरण उभं करणारं संगीत) आणि प्रायोगिक जॅझमध्ये दोन कलावंत मिळून जो 'कोलॅबरेटिव्ह' अल्बम काढतात, त्याला मराठीत काय म्हणावं? 'जुगलबंदी' चालेल का?

बहुतेक वेळा नाही. जुगलबंदीत दोघं तोलामोलाचे, एकाच बैठकीत, एकमेकांचं ऐकत वाजवतात. एकाने जागा घेतली की दुसऱ्याने ती उचलायची. सवाल-जवाब या शब्दात इतका मुरलाय की विधानसभेतल्या खडाजंगीलाही वर्तमानपत्रं 'शाब्दिक जुगलबंदी' म्हणतात. अँबियंटमध्ये सहसा हा सवाल-जवाबच नसतो.

रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन ईनो यांचा १९७३ चा 'नो पुसीफुटिंग' घ्या. फ्रिप गिटार वाजवतो, ईनोच्या हाती दोन रिव्हॉक्स टेपरेकॉर्डर. पहिल्यावर मुद्रित झालेली टेप तिथेच गुंडाळली न जाता थेट दुसऱ्यात जाते. दुसरा ती वाजवतो आणि तो आवाज पुन्हा पहिल्याकडे वळवला जातो. दोन यंत्रांत अंतर जितकं जास्त, तितका सूर उशिरा परततो. दर फेरीला नवा थर चढतो, जुना विरत जातो. ईनोच्या या कामाला 'साथ' म्हणावं, तर साथीदार मुख्य कलावंताच्या मागून चालतो. इथे टेपची ही व्यवस्था काढून घेतली तर रचनाच उरत नाही, नुसती गिटार उरते. म्हणून त्याला 'ध्वनिसंस्कार' म्हणावं, आणि अल्बम दोघांचा.

मग 'सहयोगी अल्बम'? शब्द कोशात बसेल, कानाला नाही. सहयोगी प्राध्यापक, सहयोगी पक्ष: मराठीत सहयोगी हा कायम पायरीभर खाली असतो. 'च्या सहयोगाने' तर त्याहून धोक्याचं. निमंत्रणपत्रिकेवर ते वाचलं की पैसे कुणी दिले एवढंच कळतं. 'सामाईक' मला फार आवडतो, पण तो विहिरीचा, बांधाचा आणि सातबाऱ्याचा. मालकी सांगतो, निर्मिती नाही. राहिला 'संयुक्त'. संयुक्त खात्यावर दोन्ही नावं बरोबरीची असतात, आणि इथे तेवढंच सांगायचंय. तेव्हा प्रकाराचं नाव 'संयुक्त अल्बम'. वाक्यात मात्र 'दोघांनी मिळून केलेला' हेच सर्वात मराठी.

जुगलबंदी अजिबात वापरू नये असंही नाही. कीरन हेब्डनची इलेक्ट्रॉनिक यंत्रं आणि स्टीव्ह रीडचे ड्रम्स यांचा 'द एक्स्चेंज सेशन' (२००६) एकत्र बसून, उत्स्फूर्त वाजवलेला आहे, नंतर वरून काही चढवलेलं नाही. तिथे शब्द चपखल. उलट गिटारवादक फेनेझ आणि पियानोवादक र्‍युइची साकामोतो यांनी २००७ च्या अल्बमसाठी एकमेकांकडे ध्वनिमुद्रणं पाठवत काम केलं. एकाची गिटार, त्यावर दुसऱ्याचा पियानो, कधी उलट क्रमाने. तो पत्रव्यवहार झाला, बैठक नव्हे. (त्या अल्बमचं नाव फ्रेंच उच्चाराने जवळपास 'सांद्र'. आपल्याला दाट, घट्ट असं काही वाटेल. फ्रेंचमध्ये ती राख.)

'प्रॉमिसेस' (२०२१) तर मोजणीतच जुगलबंदीबाहेर जातो: इलेक्ट्रॉनिक संगीतकार फ्लोटिंग पॉइंट्स, फॅरो सँडर्सचा सॅक्सोफोन आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा, तीन नावं. नऊ भागांची, सुमारे ४६ मिनिटांची एकच रचना, आणि तिच्यात सात सुरांची एक छोटी आकृती पुन्हापुन्हा येते. सँडर्स त्या आकृतीला उत्तर देत नाही, तिच्या अवतीभवती फिरतो.

लिहिताना दोन ठिकाणी हमखास चूक होते. 'फ्लोटिंग पॉइंट्स या बँडने' लिहू नका. ते सॅम शेफर्ड या एकट्याचं नाव आहे. तसंच 'फ्लोटिंग पॉइंट्स यांचा सँडर्ससह अल्बम' हेही टाळा, कारण 'सपत्नीक', 'कुटुंबासह' वाचलेल्या डोळ्यांना 'सह'नंतरचा माणूस सोबत आलेला वाटतो. तिथे साधं 'आणि' लिहावं. एखाद्याच गाण्यापुरता कुणी आला असेल, तर त्याला 'पाहुणा कलाकार' हा शब्द आपल्याकडे सिनेमाच्या श्रेयनामावलीतून तयारच आहे.