मागं खेळवलं म्हणजे खाली उतरवलं का?

प्रश्न : मुलगा पंधरा वर्षांचा, अंगानं किरकोळ, धावण्यात बेताचाच, पण पास नेमका देतो. आजवर तो फुटबॉलमध्ये स्ट्रायकरच्या (सर्वांत पुढं राहून गोल करणाऱ्याच्या) मागं, दहा नंबरच्या जागी खेळायचा. यंदा कोचनी त्याला बचावफळीच्या पुढ्यात उभं केलंय आणि तो खट्टू झालाय. इटलीचा फुटबॉलपटू पिर्लो, त्याचंही असंच झालं होतं म्हणतात. खरं का? आता सराव काय करावा?
— एक पालक, खानापूर

उत्तर : खरं आहे. आंद्रेआ पिर्लो ब्रेशिया या इटलीतल्या क्लबाकडून पुढं आला तो दहा नंबरचाच खेळाडू म्हणून. 1998 साली इंटर या मोठ्या क्लबानं त्याला घेतलं, पण तिथं त्याचा जम बसला नाही. 2001 च्या सुरुवातीला तो उसनवारीवर पुन्हा ब्रेशियात आला, तर दहा नंबरच्या जागी साक्षात इटलीचा नामांकित खेळाडू रोबेर्तो बाजिओ! कोच कार्लो मात्सोने यांनी मग पिर्लोला मागं घेतलं. त्याच वर्षी 1 एप्रिलला युव्हेंटसविरुद्ध त्यानं मागून उचललेला लांब पास बाजिओनं धावता धावता पायावर झेलला, गोलकीपरला चकवलं आणि बरोबरी साधली. पुढं एसी मिलान क्लबात कोच आंचेलोत्तींनी हीच जागा त्याला कायमची दिली, शेजारी चेंडू हिसकावून आणायला गात्तुसो. 2003 आणि 2007 ची चॅम्पियन्स लीग, 2006 चा विश्वचषक, मग युव्हेंटसकडून सलग चार लीग विजेतेपदं, हे सगळं या मागच्या जागेवरूनच.

कारण साधं आहे. पुढं पाठीवर माणूस असतो, वळायला जागा नसते. मागं अख्खं मैदान समोर दिसतं आणि क्षणभर जास्त मिळतो. वेग कमी असलेल्याला तोच क्षण पुरतो, पण चेंडू पायाशी येण्याआधी काय करायचं ते ठरलेलं असेल तरच.

म्हणून सराव मान वळवण्याचा. दहा-बारा मीटरवरून कुणीतरी पास द्यायचा. तो येईपर्यंत मुलानं दोनदा खांद्यावरून मागं बघायचं. मागं उभ्या असलेल्यानं दर वेळी हाताची बोटं दाखवायची आणि मुलानं आकडा ओरडून सांगायचा. अंग आडवं, अर्धं उघडं ठेवायचं आणि चेंडू लांबच्या, म्हणजे पासवाल्यापासून दूरच्या, पायावर घ्यायचा. सरळ पासवाल्याकडं तोंड करून जवळच्या पायावर घेतला की वळायला एक स्पर्श जास्त लागतो, आणि बहुतेक वेळा तिथंच चेंडू हातचा जातो. तेही आपल्याच गोलसमोर.

तुमच्याकडची तांबडी माती ध्यानात ठेवा. पावसात ती चिकटते, जमिनीवरचा पास मधेच थांबतो, तेव्हा जोर वाढवायचा किंवा चेंडू उचलायचा. उन्हाळ्यात तीच कडक होते, चेंडू उसळतो, मग पहिला स्पर्श मऊ हवा.

प्रश्न : पिर्लोची फ्री किक मधेच खाली कशी पडायची?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : ही किक त्यानं ब्राझीलच्या जुनिन्योची बघून शिकली. चेंडूच्या खालच्या अंगाला पायाची पहिली तीन बोटं, पाऊल शक्य तितकं सरळ, आणि मारताक्षणी ते एकदम सैल सोडायचं. चेंडू फारसा फिरत नाही, म्हणून हवेत डगमगतो, मधेच खाली येतो आणि गोलकीपरला अंदाज येत नाही. पाऊल तिरकं झालं की चेंडूला फिरकी मिळते आणि तो नेहमीसारखा वळत जातो. भिजून जड झालेल्या चेंडूवर हा सराव नको, बोटं दुखावतात. एका वेळी दहा-बारा किक पुरेत.